'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते' : ही ओळ तुम्ही कशी वाचता?

शेवंती
लग्नपत्रिका, रुखवतातली भरतकामाची चौकट, महिला दिनाचं भाषण, मातृदिनाचे फॉरवर्ड. बहिणाबाई चौधरींची ही ओळ कुठे भेटत नाही? आणि जिथे भेटते तिथे बहुतेक वेळा एकाच कामाला लावलेली असते : बाई गं, नीट नांद, थोडं सोस, उद्या तुझ्या लेकीला यायला घर नको का?

मला ही ओळ शाळेत असल्यापासून पाठ आहे आणि मनापासून आवडते. पण माझी मावसबहीण सासरच्या त्रासाला कंटाळून परत आली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला समोर बसवून हीच ओळ ऐकवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून परत गेली.

तेव्हापासून मी अडकले आहे. बहिणाबाईंनी बाईची जागा ठरवून दिली आहे, की त्या जागेवर बसलेल्या बाईला काय दिसतं ते सांगितलं आहे? तुम्ही कसं वाचता? शिवाय हेही विचारायचंय : कुठली कविता, ओवी किंवा अभंग तुमच्या घरात बायकांना ऐकवला गेला, आणि कुठला तुम्ही स्वतःसाठी जपून ठेवलात? मी नववीला मराठी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ गप्पांचा नाही.

चिंगी
आमच्या आजीच्या देवघराशेजारी ही ओळ फ्रेम करून लावलीय. वाचतेय.

विचक्षण
बहिणाबाईंचा काळ १८८० ते १९५१. शेतात राबणारी, अक्षरओळख नसलेली बाई. तिच्या सहज उमटलेल्या ओळीवर आजचे स्त्रीवादी प्रश्न लादायचं कारण समजलं नाही. ही ओळ मातृत्वाचा आणि त्यागाचा गौरव करते, आणि म्हणूनच लोकांच्या मनात राहिली. कोणी ती चुकीच्या वेळी वापरली तर दोष वापरणाऱ्याचा. कवितेचा कीस काढून हाती काय लागणार?

तापीकाठ
विचक्षण, लोकांना सुटी ओळ माहीत असते आणि घोळ तिथेच होतो. अख्खी कविता म्हणजे संवाद आहे. एक योगी आहे आणि एक सासुरवाशीण. ती सारखी माहेराची गाणी गाते. योगी तिला टोकतो : एवढं माहेर माहेर करतेस, 'मंग माहेरून आली सासरले कशासाठी?' घरदार सोडलेल्या माणसाने घरात अडकलेल्या बाईला विचारलेला प्रश्न आहे हा. त्यात थोडी टिंगलही आहे. त्यावर ती म्हणते :

'दे रे दे रे योग्या ध्यान, ऐक काय मी सांगते,
लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.'

म्हणजे हे उत्तर आहे, तेही तोंडावर दिलेलं. 'ऐक काय मी सांगते' ही ओळ पत्रिकेवर कोणी छापत नाही. ती छापली असती तर बाईचा आवाज ऐकू आला असता. लेकीला उपदेश तिने केलेलाच नाही, तिने योग्याला गप्प केलंय.

बहिणाबाईंचं माहेर आसोदं, सासर जळगाव. अंतर अगदी थोडं, पण बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही हा रिवाज. आमच्या घरातल्या जुन्या बायकांनीही तेच भोगलं. या कविता त्या बायकांना समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

अवांतर : बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे.

विचक्षण
संदर्भ दिलात ते छान झालं. पण उत्तर असो की उपदेश, तिने नांदण्याचं समर्थनच केलंय ना?

सातबारा
मी वकील आहे, जमिनीची कामं बघते. त्यामुळे या ओळीतला मला अडवणारा शब्द 'नांदते' नाहीच, 'माहेर' आहे. बाई ज्याला माहेर म्हणते त्या घरावर तिचा हक्क होता का? पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. माहेर म्हणजे भावाची मर्जी. म्हणून तर आईने तिथे जिवंत असणं गरजेचं. आई गेली की माहेर संपलं असं बायका म्हणतात, ते काही हळवेपणाने नाही.

आता कायदा बदललाय. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत का यावर वाद चालू राहिला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला : वाटा जन्माने मिळतो, वडील हयात असण्याशी संबंध नाही.

आणि प्रत्यक्षात? दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्र करायला आलेल्या बहिणी मी नेहमी बघते. बहुतेकींना जबरदस्तीने आणलेलं नसतं. चांगली साडी नेसून, नटून येतात. भाऊ चहा आणतो, भावजय पाठीवर हात ठेवते. फोटो, अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार, संपलं. एकदा एका बाईंना मी नियमाप्रमाणे बाजूला घेऊन विचारलं, ताई, काय सोडताय ते कळलंय ना? त्या म्हणाल्या, 'सगळं कळतंय मॅडम. वाटा मागितला तर दिवाळीला कोण बोलवील?' सही त्यांनी ठळक, वळणदार अक्षरात केली. शाळेत शिक्षिका होत्या.

तर माझं वाचन हे असं : लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते, आणि स्वतःच्या माहेरासाठी सातबाऱ्यावरचं नाव काढून देते. बहिणाबाईंनी हा व्यवहार अचूक ओळखलाय.

चिंगी
सातबारा ताई, तुमचा आयडी आज कळला.

निंबोणी
मी सत्तरीच्या पुढची आहे, जात्यावरच्या ओव्या कानांनी ऐकलेल्या आहेत, म्हणून लिहिते.

पहाटे कोंबड्याच्या आधी आई आणि आजी (आईच्या सासूबाई) जात्याला बसत. समोरासमोर, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंटा दोघींच्या हातात. आजीचा उजवा हात खुंट्यावर आणि डाव्या हाताने घास घालायचा, मूठभर जोंधळे, जास्त नाही, नाहीतर भरड पडते. जातं जड चालायला लागलं की टाकी लावून घ्यायची, म्हणजे दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्यायची वेळ झाली. आम्ही पोरं शेजारीच वाकळेत. गाणं सुरू व्हायचं ते देवापासून. मग भाऊ, मग लेक, मग सीता. सीतेच्या वनवासाच्या ओव्या आई फार म्हणायची. रामाला त्यात बरंच ऐकून घ्यावं लागायचं. आणि बघा, आजी समोर बसलेली असतानाच आई सासुरवासाची ओवी म्हणायची. आजी दुसरी ओळ उचलायची, कारण तिचाही सासुरवास झालेला होता. दोघींची दिवसभर धुसफूस चाले, पण जात्यावर कधी भांडण झालं नाही.

सांगायचं ते असं की या गाण्याला पुरुष श्रोता नव्हता. वडील, चुलते झोपलेले असत. बायकांनी बायकांना सांगितलेलं होतं ते. तेच ऐकणारे बदलले की अर्थ फिरतो. सासुरवाशिणीने सासुरवाशिणीला म्हटलेलं 'नांदते' म्हणजे सोबत. तेच सासऱ्याने म्हटलं की हुकूम.

बहिणाबाई जात्याला घरोट म्हणतात. 'अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी.' ज्याने पीठ पाडलंय त्यालाच हे समजेल असं नाही, पण ज्याने पाडलंय त्याला चटकन समजतं.

हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. जरूर ऐका.

चिंगी
निंबोणी काकू, सासू समोर बसलेली असताना सासुरवास गायचा म्हणजे आजच्या हिशेबाने फॅमिली ग्रुपवरच स्टेटस टाकण्यासारखं! तुमच्या आईंना सलाम.

गोदाकाठ
मी गंगाखेडचा, म्हणजे जनाबाईंच्या गावचा. आमच्याकडे भजनात 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' रोजचं. विठ्ठल जनीला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, ही चित्रं घराघरात. कष्टाळू जनी सगळ्यांना हवी.

पण त्याच जनाबाईंच्या नावावर हेही आहे :

'डोईचा पदर आला खांद्यावरी,
भरल्या बाजारी जाईन मी.
हाती घेईन टाळ, खांद्यावरी वीणा,
आता मज मना कोण करी.'

पुढे ती स्वतःला 'येसवा', म्हणजे वेश्या, म्हणवून घेते आणि केशवाच्या घरी निघते. तेराव्या-चौदाव्या शतकातली दासी हे म्हणते. हा अभंग आमच्या सप्ताहात मी क्वचित ऐकलाय, आणि ज्यांनी म्हटला त्यांनी शेवटच्या चरणाचं निरूपण घाईत उरकलं. शेवंतीताई, कुठली कविता बायकांना ऐकवली जाते याचं उत्तर यातच आहे. दळणारी जनी ऐकवतात, बाजारात निघालेली जनी बाजूला ठेवतात.

रानजाई
बहिणाबाईंचंच 'वेद हाका देती, पुराणे गर्जती, स्त्रियेच्या संगती हित नोहे' हे घ्या ना. किती कडवट आहे!

तापीकाठ
रानजाई, त्या शिऊरच्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. चौधरींच्या बहिणाबाई वेगळ्या. तो अभंग मात्र इथे हवाच होता. पुढे त्या विचारतात, 'मी तो सहज स्त्रियेचाचि देह, परमार्थाची सोय आता कैची?' ज्या शास्त्रावर श्रद्धा आहे त्याच शास्त्रात आपल्याला दार बंद आहे हे कळल्यावरचा प्रश्न आहे हा.

पाऊलवाट
धागा छान चाललाय, पण एक गोष्ट खटकतेय. आपण सगळे गृहीत धरतोय की प्रत्येक बाईला माहेर असतं आणि तिथे ती विसावते. माझ्या आजीला माहेरी गेल्यावरही दुसऱ्याच्या बांधावर खुरपायलाच जावं लागायचं. फरक एवढाच की शेत वेगळं. 'माहेर' हे गाणंसुद्धा ज्यांच्या घरात दोन दिवस बसून खायची सोय आहे त्यांचं आहे.

माझ्यासाठी मी सोयराबाई ठेवलीय. चोखोबांची बायको. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' आणि पुढे सरळ सवाल : 'देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?' यात दोन अपमान एकत्र आहेत, जातीचा आणि बाईपणाचा, आणि ती दोन्हींना एकाच प्रश्नात पकडते.

दुसरी सावित्रीबाई. 'काव्यफुले' १८५४ साली छापलं गेलं, तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या. त्या कवितांमधली बाई कोणाच्या बोलावण्याची वाट बघत नाही, ती शिकायला निघालेली आहे. इंग्रजीला माउली म्हणायची हिंमत त्या काळात एका शिक्षिकेने केली, कारण शूद्रातिशूद्रांना त्या भाषेतून काय मिळेल हे तिला दिसत होतं. पत्रिकेवर या ओळी का छापत नाहीत?

आणि हिरा बनसोडे यांची 'यशोधरा' वाचा. सिद्धार्थ घर सोडून गेला, त्याला जग बुद्ध म्हणालं. मागे राहिलेल्या बाईकडे कोणी बघितलं? बुद्धावर श्रद्धा असलेल्या घरात वाढून मी ती कविता वाचली आणि रात्रभर झोपले नाही. श्रद्धा कमी झाली नाही, पण यशोधरा आता वगळता येत नाही.

मधुरा_एस
मी इथे अमेरिकेत राहते. सगळ्यांचं वाचून खूप मिळालं, पण माझं थोडं वेगळं आहे.

मला कवितेत बाईची भूमिका शोधावीशी वाटत नाही. मी इंदिरा संत वाचते. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ'. त्यांच्या पतीचं १९४६ मध्ये निधन झालं. त्यानंतर बेळगावात नोकरी करत त्यांनी मुलं वाढवली आणि ही कविता लिहिली. समीक्षेत तिला विरहाची कविता म्हणून मोकळे होतात. मला त्यात दिसते ती संध्याकाळी कामावरून घरी येऊन दिवा लावणारी, कोणाला काही न सांगणारी बाई. ती ना बंडखोर आहे ना सोशिक. तिला फक्त स्वतःशी खरं बोलायचं आहे. माझ्या घटस्फोटानंतर मला लोकांनी पाठवलेल्या 'स्त्रीशक्ती'च्या कविता वाचायला नको वाटायच्या. त्या सगळ्या माझ्याकडून काहीतरी मागत होत्या. इंदिराबाईंनी काही मागितलं नाही.

कवितेचा वैयक्तिक अर्थ म्हणजे माझ्यासाठी हे. समाजात बाईचं स्थान काय, या प्रश्नाच्या आधी ती एकटी असताना तिला कसं वाटतं ते कोणीतरी लिहून ठेवलेलं असावं.

सातबारा
मधुरा, हे फार नेमकं लिहिलंस.

गजालीकार
पुरुषांनी लिहिलेल्या आईबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. शाळेत आपण काय शिकलो? यशवंतांची 'आई म्हणोनी कोणी', माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई'. दोन्ही कविता मला आजही गलबलून टाकतात. पण बघा, दोन्हींत आई हयात नाही. पोरका मुलगा बोलतो, आई बोलतच नाही. नसलेल्या आईला देवत्व देणं सोपं असतं, ती 'माझ्या गुडघ्याला तेल लाव' म्हणत नाही.

आता नारायण सुर्व्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' घ्या. मुलाला शाळेत घालायला आलेली वेश्या मास्तरांशी बोलते. बापाच्या नावाचा रकाना कसा भरायचा हा प्रश्न. कवी पुरुष आहे, पण तोंड उघडते ती आई. म्हणून ती कविता देव्हाऱ्यात बसत नाही. मला वाटतं, बाईचं चित्रण कसं आहे हे तपासताना कवी बाई आहे की पुरुष याच्या आधी कवितेत बोलतंय कोण ते बघावं.

विचक्षण
गजालीकार, मुद्दा पटला. तरी माझा आक्षेप कायम आहे. कविता म्हणजे अर्ज नाही. बहिणाबाईंना सोशिक म्हटलं की लगेच बंडखोर ठरवायची घाई कशाला?

तापीकाठ
घाई नाही करत. त्यांचेच शब्द देतो. त्या तिशीत विधवा झाल्या. त्यावर :

'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली,
पुसोनिया गेलं कुंकू, रेखा उघडी पडली.'

आणि मग ज्योतिषाला :

'नको नको रे ज्योतिषा, नको हात माझा पाहू,
माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ.'

विधवेने ज्योतिषाला दारातून परत पाठवलंय. याला सोशिक म्हणा, बंडखोर म्हणा, मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. आणि हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते सोपानदेवांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं तेव्हा त्या नव्हत्या. ज्या बायकांच्या घरात उतरवून घेणारं कोणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल?

शेवंती
सगळ्यांचे प्रतिसाद रात्री सलग वाचले आणि पुस्तक काढून अख्खी कविता परत वाचली. तापीकाठ दादांनी दिलेल्या ओळीच्या आधीची ओळ आहे : 'अरे लागले डोहाये सांगे शेतातली माटी, गाते माहेराचं गानं लेक येईन रे पोटी.' शेताला डोहाळे लागलेत, आणि हिला लेक हवी आहे. मुलगा व्हावा म्हणून नवस बोलण्याच्या काळात ही बाई लेक येईल म्हणून गाते. ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कोणी दाखवली नव्हती. मावसबहिणीला ऐकवलेल्या ओळीत लेकीचा हा हट्ट नव्हता, फक्त नांदणं होतं.

पाऊलवाट
शेवंती, वाचन सुंदर आहे. मला तरीही पटत नाही. लेक हवी, मान्य. पण ती लेकही नांदणारच, तिच्या लेकीच्या माहेरासाठी. साखळी कुठे तुटते? बहिणाबाईंनी ती तोडायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. पण ती तुटत नाही हे मान्य करूनच आपण कविता वाचावी. प्रेमापोटी तिला निर्दोष ठरवू नये.

निंबोणी
पाऊलवाट, बरोबर आहे तुझं. माझ्या आईला ही साखळी दिसत होती. म्हणून तिने मला मॅट्रिक केलं आणि जात्याला बसू दिलं नाही. ओव्या मात्र शिकवल्या.

सातबारा
साखळी तोडायची एक वाट सरकारदरबारातून जाते असं माझं मत. शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : नवऱ्यांनी स्वतःहून जमीन बायकोच्या नावावर करावी. अनेक गावांत ते झालं. अशा घरात लेक येते तेव्हा ती आईच्या नावावरच्या घरात येते, मामाच्या मर्जीवर नाही.

विचक्षण
निंबोणी ताई, सीतेच्या ओव्या त्या संकेतस्थळावर कुठे सापडतील? ऐकायच्या आहेत.

निंबोणी
जात्यावरच्या ओव्यांचा वेगळा विभाग आहे, त्यात विषयवार लावल्या आहेत. सीता म्हणून शोधा. कानाला लावून ऐका, बायकांचे म्हातारे आवाज आहेत तसेच ठेवलेत.

शेवंती
माझा मूळ प्रश्न वर्गातलाही होता. नववीच्या मुलामुलींसमोर हे कसं नेऊ? योग्याची कविता पूर्ण वाचणार हे नक्की. सोबत सोयराबाई आणि सुर्वे घ्यायचा विचार आहे. पालकांचा सूर कसा लागेल, माहीत नाही.

गोदाकाठ
जनाबाईंचे दोन्ही अभंग एकाच तासाला घ्या. दळणारी आधी, बाजारात निघालेली नंतर. मुलं स्वतःच विचारतील.

निंबोणी
आणि मुलांना घरी पाठव आजीकडे. एक ओवी विचारून आणायची, मुलांनी सुद्धा. जिने सांगितली तिचं नाव, तिचं माहेर, सासर, आणि तिने ती कोणाकडून ऐकली ते खाली लिहायचं. जिच्या तोंडी जशी आली तशीच उतरवून घ्यायची, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. ज्यांच्या आजीला ओवी येत नाही त्यांनी ती दळायला बसायची का, नसेल तर पहाटे काय करायची, ते लिहून आणावं. पाऊलवाटच्या आजीसारख्या बांधावर जाणाऱ्या आज्यांचंही त्यात यायला हवं.

पाऊलवाट
हे केलंत तर इथे टाइप करून टाका. माझ्या आजीचं एक गाणं मीही देते, खुरपताना म्हणायची ते. उद्या आईला फोन करून नीट विचारून घेते.